थेरगावचा रेडिओमास्तर

४ नोव्हेंबर १९५७, सोमवार
पंचायतीने रेडिओची किल्ली माझ्याकडे दिली. गावात दोन तट. वरच्या आळीत आम्ही जुने शेतकरी, खालच्या आळीत पिंपरीच्या कंपनीत लागलेले भाडेकरू. पाणवठ्यावरून बोलणं बंद. संकल्प: संगीताने गाव एक करायचं. मुदत एक महिना.

७ नोव्हेंबर, संध्या. ७
दोन्ही आळ्या आल्या. चावडीच्या दोन टोकांना बसल्या. गाण्याचा अर्थ सांगतो. मध्येच मुद्दा सुचला तर आवाज बारीक करून तेव्हाच सांगतो, नाहीतर विसरतो. रंगराव म्हणाला, राव, असं बोलणं पुण्यातबी न्हाई. शाळेपासूनचा दोस्त. गावात खरं बोलणारा तो एकच.

१२ नोव्हेंबर
बोललो पाऊण तास. गाणी तीन. खालच्या आळीच्या शालनबाई म्हणाल्या, मास्तर, एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकू द्या की. नवीन आहेत. गोडी लागेल.

१९ नोव्हेंबर
यश. आमचे भिमाजी पाटील शालनबाईंच्या नवऱ्याशी दोन वर्षांनी बोलले. काय ते कळलं नाही. मी जवळ गेलो तर दोघे गप्प. आदर असणार.

२५ नोव्हेंबर
रंगराव कागद घेऊन दोन्ही आळ्यांत सह्या घेतोय. विचारलं तर म्हणाला, रेडिओचा अर्ज हाय, कळंल तुला. म्हणजे सत्कार. भाषण लिहायला घेतलं. संकल्प: रडायचं नाही.

१ डिसेंबर, रविवार
कोट घालून गेलो. सरपंचांनी कागद वाचला. रेडिओ ठेवावा, मास्तर काढावा, किल्ली रंगरावाकडे द्यावी. त्रेसष्ट सह्या, दोन्ही आळ्या एकाच कागदावर. तिसरा अंगठा अंबुबाईचा. माझ्या बायकोचा.
रंगराव खाली बघत म्हणाला, तोंडावर सांगायला जीव होईना.
घरी अंबुबाईला जाब विचारला. म्हणाली, दिवसभर राबून एक गाणं पुरतं ऐकावं वाटतं, त्यात तुमचं काय गेलं?
जेवलो नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

२ डिसेंबर
चावडीकडे फिरकायचं नाही असं ठरवलं. गेलो. भिंतीआड उभा राहिलो. दोन्ही आळ्या मिसळून बसलेल्या. रंगरावाने बटण फिरवलं आणि खाली बसला. तासभर एक शब्द बोलला नाही.
फौजेत गेलेल्या नवऱ्याचं गाणं लागलं. महिनाभरात मी त्याचा अर्थ तीनदा सांगितला होता. शेवटच्या कडव्यात तो घरी परत येतो. आज प्रथमच ऐकलं.
मी तिन्ही वेळा तो मेला म्हणून सांगितलं होतं.