दुसऱ्यांदा तेच वाक्य

बाबा, तुमच्यामुळे माझं पुस्तक अडलं आहे. माझं म्हणजे मी मराठीत आणलेलं. ते मुळात लिहिलं शिकागोच्या साउथ साइडला राहिलेल्या एका कृष्णवर्णीय बाईने. आपल्या नेपरव्हिलहून ट्रेनने तासाभराचं अंतर, पण तुम्ही तिचं नाव ऐकलं नसणार. कॉलेजात जाईपर्यंत मीही ऐकलं नव्हतं. लहानपणी ती आईबरोबर मिसिसिपीहून इकडे आली आणि हातपाय चालत होते तोवर एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत राहिली. तिथल्या बाया काम करताना ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी, गायच्या. ब्लूजमध्ये एक ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतात. हिने कादंबऱ्याच तशा लिहिल्या. प्रकाशक म्हणायचे, तेच तेच काढून टाका, मग छापू. तिने काढलं नाही. पहिली कादंबरी छापून आली तेव्हा तिचे केस पिकले होते.

आणि असं पुस्तक हातात घेतलं कुणी, तर तुमच्या मुलीने. बाकीची मुलं रविवारी मराठी शाळेत जायची. मला मात्र तुम्ही घरीच शिकवलंत, कारण तिथे 'नुसती गाणी म्हणून घेतात' असं तुमचं मत होतं. शनिवारी सकाळी डायनिंग टेबलवर पानभर निबंध. एखादा शब्द दुसऱ्यांदा आला की तुम्ही पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल करायचात. "गरिबी दिसते बेटा," म्हणायचात. "भाषेत एवढे शब्द पडलेत, ते कुणासाठी?" ड्राइव्हवेतल्या बर्फावर लिहिताना मी आधी बर्फ लिहिलं, मग हिम, मग घाबरून तुषार. तुषारवर तुम्ही हसलात, पण गोल केला नाहीत. मला वाटलं, जमलं.

कादंबरीतली बाई इस्त्री करताना शेजारणीला म्हणते, "चादर गरम आहे. चादर गरम आहे, बाई. कुणाच्या अंगावर जाईल कोण जाणे." मी लिहिलं होतं, "चादर गरम आहे. वस्त्र अजून ऊन आहे, बाई." हसू नका. अख्खं पुस्तक मी असं केलं, आणि प्रत्येक पान संपलं की मला तुमची शाबासकी ऐकू यायची. भाषांतराची परवानगी लेखिकेच्या भाचीने दिली होती. ती निवृत्त वकील आहे, साउथ साइडलाच राहते. तिने मला घरी बोलावलं, कॉफी दिली आणि म्हणाली, वाच. मी ते चादरीचंच पान वाचलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "तू ते दोनदा म्हटलं नाहीस."

"अर्थ तोच आहे," मी म्हणाले.

"अर्थ राहू दे, हनी. तुझी भाषा मला येत नाही, पण कान आहेत. मावशी एकदा म्हणायची ते तोंडातून निघायचं म्हणून. दुसऱ्यांदा म्हणायची, कारण पहिल्यांदा कुणी ऐकलेलं नसायचं. ती दुसरी ओळ घालवणार असशील तर माझी सही परत दे."

घरी येऊन मी सगळ्या दुसऱ्या ओळी होत्या तशा परत घातल्या. मग पुण्याहून संपादक मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, वाचकाला वाटेल छापखान्याची चूक आहे. एकदा लिहिलं की कळतं गं त्याला. सोमवारपर्यंत साफ करून पाठव, नाहीतर यंदाच्या पुस्तकांच्या यादीतून काढावं लागेल." मला भांडायचं होतं. पण ती पानं पुन्हा वाचली आणि कळलं की मॅडमचं चूक नाही. माझ्या मराठीत दुसरी ओळ मेल्यासारखी पडून होती. ती जिवंत कशी करायची हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. गोल करायला तेवढं शिकवलं होतं.

काल आईला एक पान वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. "चादर गरम आहे, चादर गरम आहे. कळलं गं, किती वेळा?" असं म्हणाली आणि एकदम हसायला लागली. "तुझे बाबा नागपूरला आजीला फोन करायचे, तसं वाटतंय." मेथीची जुडी कानाला लावून तिने तुमचा आवाज काढला. "मी बरा आहे! मी बरा आहे म्हटलं! तू जेवलीस का?"

आणि मला सगळं दिसायला लागलं. इंडियन ग्रोसरीतून आणलेलं कॉलिंग कार्ड, खरखरणारी लाइन, आपलाच आवाज उलटा कानात येतो. तुम्ही फ्रिजपाशी उभे आहात, मी टेबलाशी निबंध लिहिते आहे. पलीकडून आजी काहीतरी विचारते. "नोकरी छान चाललीये," तुम्ही म्हणता. तिला ऐकू जात नाही. "नोकरी छान चाललीये म्हटलं!" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "तिकडे थंडी पडली असेल. स्वेटर घालतेस ना?" फोन ठेवता, माझ्याजवळ येता आणि माझ्या एका शब्दाभोवती गोल करता.

मी हे सांगितल्यावर आईचं हसू थांबलं. म्हणाली, "त्याच आठवड्यात नोकरी गेली होती त्यांची. व्हिसाचं काय होणार कळेना. मी बॅगासुद्धा काढून ठेवल्या होत्या." आणि परत मेथी निवडायला लागली, जणू मला हे कधीपासून माहीतच होतं.

आजीला खोटं सांगितलंत याचा मला राग नाही. राग याचा आहे की तुम्हाला हे येत होतं. पहिली ओळ, दुसरी ओळ आणि तिसरी, जी भलतीकडेच वळते. आपल्याच स्वयंपाकघरात, माझ्या देखत. आणि मला तुम्ही तुषार शिकवलंत. आता विचारायचं कुणाला? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भांडायचं म्हटलं तर तुमचा आवाजसुद्धा आईकडून काढून घ्यावा लागतो.

आज सकाळपासून पुस्तक पुन्हा धरलं. "चादर गरम आहे. चादर गरम आहे म्हटलं." जिथे बाई कुणाशी तरी बोलते आहे आणि समोरचा ऐकत नाही, तिथे तुमचा फोनवरचा आवाज ठेवला. सगळीकडे नाही बसला. काही ओळी अजून तशाच पडून आहेत, पण काढलेली एकही नाही, आणि काढणारही नाही, असं मॅडमना मेलने कळवून टाकलं. उत्तर आलेलं नाही. ती मेल मी सारखी उघडून बघते, उद्धटपणा तर झाला नाही ना म्हणून. पुस्तक यादीतून गेलं तर भाचीला काय तोंड दाखवू, तेही कळत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. बाबा, मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे म्हटलं. हे वाक्य दुसऱ्यांदा आलं म्हणून आत्ता त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल केला, आणि मग खोडरबराने पुसला.