कलमात नसलेली आजी

प्रिय आई,

फोनवर तू रोज विचारतेस, जेवलीस का, वर्ग कसा चाललाय. खरं विचारायचं असतं ते तुझ्या ओठांवर येऊन परत जातं. ते मलाही कळतं, म्हणून आज लिहायला बसले. फोनवर सांगायला गेले असते तर तू मधेच ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवून दिला असतास.

आधी वर्गाचं सांगते. चिनी कायद्याचा हा छोटा अभ्यासक्रम म्हणजे आम्हा परदेशी वकिलांना धावत्या गाडीतून गाव दाखवण्याचा प्रकार आहे. सकाळी करार, दुपारी कंपन्या, उद्या जमीन. माझ्या शेजारचा करसल्लागार पहिल्या तासाला बिनदिक्कत झोपतो आणि दुसऱ्या तासाला सगळ्यांत अवघड प्रश्न विचारतो. वसतिगृहाची खोली बरी आहे, पण पलंग असा कडक की पाठ सरळ होऊनच घरी येईन. ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी करार शिकायला आलेय. यात कौटुंबिक कायदाही आहे, म्हणून आपण दोघींनी हाच अभ्यासक्रम निवडला, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

तो तास झाला, आई. शिकवणाऱ्या बाई पूर्वी न्यायाधीश होत्या. फळ्यावर कलम लिहितात, इंग्रजीत समजावतात आणि बाहीनेच पुसून टाकतात, त्यामुळे बाही कायम पांढरी. घटस्फोटानंतर मूल ज्याच्याजवळ नाही, त्या आईला किंवा बापाला मुलाला भेटायचा हक्क आहे, तसं कलमात लिहिलंय. आजी-आजोबांचं काही लिहिलेलं नाही. तास संपल्यावर मी थांबले आणि एका अशिलाचं म्हणून विचारलं, की मुलगा गेलाय, सुनेने दुसरं लग्न केलंय, आजी परदेशात आहे, तर नातीला भेटण्यासाठी ती कोर्टात जाऊ शकते का? बाई म्हणाल्या, जाऊ शकते, काहींना भेट मिळालीय, काहींना नाही. मग त्यांनी विचारलं, ही आजी तुझी कोण लागते? मला रडूच फुटलं. त्या खडू ठेवून माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसल्या आणि माझं रडून होईपर्यंत उठल्या नाहीत.

सुट्टीच्या दिवशी वहिनीकडे गेले. तुला न सांगता गेले, रागावू नकोस. ती घ्यायला स्टेशनवर आली होती. दादा गेला तेव्हा इथल्याच हॉस्पिटलच्या बाकावर तुम्ही दोघी समोरासमोर बसून रडत होतात, एकमेकींचं अवाक्षर न कळता. तशीच आहे ती अजून, काटकुळी, चालताना पळणारी. घर दोन खोल्यांचं, दारात चिमुकले बूट. पोर उंच झालीय, समोरचे दात पडलेत. मला बघून ती पटकन त्याच्या पायामागे लपली. वहिनीच्या नवऱ्याच्या, आई. तो बसगाड्या दुरुस्त करतो. नखांत ग्रीस होतं म्हणून माझ्याशी हात मिळवताना लाजला, आणि आम्हाला बोलता यावं म्हणून पोरीला घेऊन खाली सायकल शिकवायला गेला. खिडकीतून तिची हाक ऐकू येत होती. ती त्याला बाबाच म्हणते. दादा तिला आठवत नाही, फोटोतला माणूस म्हणून तेवढा माहीत आहे. त्यांच्या भाषेत आत्याला वेगळा शब्द आहे, तो वहिनीने तिच्याकडून माझ्यासाठी म्हणवून घेतला. बापाच्या आईलाही वेगळा शब्द आहे. तो ती आता त्याच्या आईला म्हणते, रोज वेणी घालणाऱ्या आजीला. तुझ्यापासून हे लपवता आलं असतं, पण मग पुढचं सांगता आलं नसतं.

वहिनी खूप वेळ पदार्थ पुढे सरकवत राहिली, मग तुटक इंग्रजीत बोलली. दादा सकाळी हसत कामावर गेला होता, तसंच उद्या माझं झालं तर पोरीचं कोण? नवऱ्याला तिला रीतसर दत्तक घ्यायचंय. सगळे कागद तयार आहेत, तिने सही तेवढी केलेली नाही. मी ते कलम आदल्याच आठवड्यात शिकले होते. दत्तक झालं की बापाकडच्या घराशी कायद्याचं नातं संपतं. मग कोर्टात जायला तू तिची कोणी उरत नाहीस.

आई, मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं. आजीला विचारावं असं त्यात कुठेच नाही. वहिनीने उद्या सही केली तरी तिला कोणी अडवणार नाही, आणि हे तिला ठाऊक आहे. तरी तिने माझा हात धरून सांगितलं, तुझ्या आईने हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही, तू त्यांना विचार. म्हणून हे पत्र. माझं मत विचारशील तर हो म्हणावं, तो माणूस चांगला आहे आणि पोर त्याच्यापाशी सुखात आहे. पण तू हो म्हणालीस की त्या दिवशी दादा कागदावरूनही जाईल. घाई करू नकोस. तुझं उत्तर येईपर्यंत ती थांबली आहे.

तुझीच,
धाकटी