दारातून परतलेली बाई

पायल,

तू झोपली होती म्हणून उठवलं नाही. मी अकोल्याले चालली, फिल्म क्लबात आपण पाहिलेल्या दोन पिक्चरांवर बोलाले.

तू त्या जपानी भुताच्या पिक्चरच्या खालच्या ओळी मले वऱ्हाडीत वाचून दाखवल्या, पण भेव काही लागलं नाही. भूत रिकाम्या घरात निघते. आपल्या घरात त्याले उभं राहाले जागा नाही.

इराणी पिक्चर मात्र खरा. तुहे बाबा म्हणे, बाई दोन घंटे नुसता सयपाक करते, तुले काय समजते त्यातलं. मले सारं समजलं. फक्त शेवट चुकला. पिशवी भरून घर सोडून निघालेली बाई दारातून परतली, कावून तं नवऱ्याचं जेवण गरम कराचं राहिलं. हेच आज माइकवर सांगीन.

बाबाचं वरण गॅसवर हाय. गरम ते सोताच करतीन.

आई