साक्षीदाराची सही

राहाता,
ता. ९ नोव्हेंबर २०२५

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र श्रीरामपूरच्या फादरांच्या ओळखीने तिकडच्या बंदरावरच्या खलाशांच्या मिशनकडे पाठवतोय. त्यांचा माणूस पिण्याचं पाणी आणणाऱ्या बोटीबरोबर तुमच्या जहाजावर येतो, तो ते तुझ्याच हातात देईल. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही तिघं एका मोबाईलवर स्पीकर लावून बोलता. आधी तू एकट्याने वाच.

घरी तुझी आई बरी आहे. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन काळं पडलं, पेरूची बाग मात्र वाचली. म्हैस व्याली, रेडी झाली. आई तुझी गादी दर दोन दिवसांनी उन्हात टाकते. मी म्हणालो, अजून तारीख ठरलेली नाही. तर म्हणाली, गादीला तारीख लागत नाही.

परवा तू म्हणालास, "काका, त्या कागदावर मी सही करणार नाही. अजिनाथ आजारी नव्हता. खोट्यावर सही करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंय." तेव्हा तुझ्याबरोबरचे दोघे एक शब्द बोलले नाहीत. तुझी आई, आमच्या वहिनी, माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. मी "बरं, बघू" म्हणून फोन ठेवला. चाळीस वर्षं व्यासपीठावर बोलणाऱ्या माणसाला तेवढंच सुचलं.

अजिनाथच्या मृत्यूचा तो कागद मालकाच्या कंपनीचा; त्यावर तुझी सही झाली नाही तर तिघांपैकी कुणीच उतरणार नाही. ते तुला ठाऊक आहे आणि तरी तू नाही म्हणालास. मला तुझा अभिमान वाटला, आणि तरीही हे पत्र लिहायला बसलो.

मालकाने तुम्हाला जहाजासकट टाकून दिल्याला आठ महिने झाले, तेवढ्यात जहाजाचे सगळे कागद माझे पाठ झालेत. झेंडा एका बेटाचा, तिथल्या माणसांनी ते जहाज कधी पाहिलेलंही नाही. मालक दुसऱ्या देशात, आणि त्याची कंपनी म्हणजे टपालाचा एक पत्ता. विमा तिसऱ्या देशातला, तो मार्चमध्येच संपला. बंदरवाले म्हणतात, नांगर आमच्या पाण्यात आहे, जहाज आमचं नाही. आणि आपलं सरकार म्हणतं, आम्ही पाठपुरावा करतोय. जहाजातल्या साखरेच्या गोण्यांवर आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्याचा शिक्का आहे, असं तू पहिल्या आठवड्यात हसत सांगितलं होतंस. त्या साखरेची निर्यात खुली व्हावी म्हणून मीच तहसील कचेरीसमोर घसा फोडला होता. व्याख्यानमालेत मी सांगायचो, राष्ट्रं आता एकमेकांत इतकी गुंतलीत की कुणी कुणाला वाऱ्यावर सोडू शकत नाही. साफ चूक. गुंतलाय तो माल. माणसाची जबाबदारी घ्यायची वेळ आली की प्रत्येक राष्ट्राला आपली हद्द आठवते.

पण हे भाषण झालं. वहिनींनी भाषण लिहायचं नाही म्हणून बजावलंय.

जूनमध्ये अमृत माझ्याकडे आला होता. तुम्हा चौघांना त्या जहाजावर लावणारा एजंट, आणि त्याच्या कितीतरी आधी माझा विद्यार्थी. वक्तृत्वाची ढाल शाळेला त्यानेच मिळवून दिली होती. चारही घरांनी मला मुखत्यारपत्र दिलेलं, त्याच्याविरुद्धची तक्रार माझ्या सहीची, म्हणून तो माझ्याच दारात आला. म्हणाला, तक्रार मागे घ्या, पंधरा दिवसांत चौघं घरी पोचवतो. मी त्याला सांगितलं की तुझा परवाना रद्द झाल्याशिवाय एक अक्षर मागे घेणार नाही. तो उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "सर, हे त्या घरांना इचारून बोलताय, का समोर श्रोते बसलेत असं वाटतंय अजून?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. नंतर सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर चारही घरं हो म्हणाली असती, आणि ते मला माहीत होतं. ओंकार, हे वाक्य पुन्हा वाच.

त्याच आठवड्यात नागापूरच्या एमआयडीसीत कामगारांची गेटसभा होती. तुम्हा चौघांवर मी पाऊण तास बोललो. लोक उठून उभे राहिले.

ऑगस्टमध्ये तुमच्यातला चौथा, अजिनाथ, गेला. जनरेटर बंद, तीन दिवस पाण्याची बोट नाही, तव्यासारखा तापलेला डेक. त्याच्या तोंडावर धरायला ओलं फडकंही नव्हतं, हे तूच सांगितलंस. आता कागद म्हणतो, त्याला हृदयविकार होता आणि त्याने तो लपवला. असं का लिहिलंय ते मला कळतं. उन्हाने आणि तहानेने मेला म्हटलं, तर कुठल्यातरी एका देशातल्या कुणालातरी उत्तर द्यावं लागेल.

त्या कागदावर अश्विनीचीही सही लागते, त्याची बायको म्हणून. बुधवारी मी श्रीरामपूरजवळ त्यांच्या वस्तीवर गेलो. ती दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत होती. मी आधी जूनचं सगळं सांगितलं, मग कागदाचं. ती वेचत पुढे सरकत होती आणि मी सरीतून तिच्या मागे. वळून फक्त एकदा म्हणाली, "जूनमधी? मंजी हे जिते हुते तवा."

तिने सरी पुरी केली. मग बांधावर बसून तिने कागद स्वतः वाचला, बोट ठेवून, शेवटपर्यंत. पेन मागितलं.

"ह्यांना कायबी आजार न्हवता," ती म्हणाली. "पन त्या तिघांच्या आया हायेत. त्यांच्यासाठी करते सही, तुमच्यासाठी न्हाई. आन् सर, ह्यांचं नाव परत कुठल्या सभेत घेऊ नका."

मी हो म्हणालो. तिने वेचलेला कापूस उचलला आणि दुसऱ्या सरीला लागली.

म्हणजे परवा तू नाही म्हणालास, त्याच्या दोन दिवस आधी तिची सही झाली होती. तुला ते माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी वहिनींनाही जूनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे मला सांगितलं तसंच त्याला लिवा. माईकवर बोलल्यावानी नका लिवू." त्यानंतर माझ्याशी बोललेल्या नाहीत.

चारही मुखत्यारपत्रं मी परत करतोय. तक्रार मागे घेतली आहे. अमृतचा परवाना शाबूत आहे, पुढच्या महिन्यात तो आणखी पोरं पाठवेल. मी थांबवू शकत नाही.

तू विचारशील, मग खऱ्याचं काय? मी एकदा नाही म्हणालो आणि मेला अजिनाथ. आता तू नाही म्हणतोयस, आणि तुझ्याबरोबरचे दोघे गप्प आहेत. त्यांना विचार. मी विचारलं नव्हतं. हवं तर हे पत्र त्यांना वाचून दाखव, माझ्या नावासकट. इथे आल्यावर खरं काय घडलं ते बोलायचं असेल, तर आधी अश्विनीला विचार. मला विचारू नकोस.

कागदाच्या तळाशी साक्षीदार म्हणून तुझं नाव छापलेलं आहे. अजिनाथ आजारी होता, असं लिहून दे. सही कर आणि ये.

हे तुला खोटं करायला सांगणारा,
तुझा काका,
कल्याण