बिनखुणेचे कपडे

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने लाँड्रीवाली, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या, बुद्धी जागेवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून नव्हे तर स्वखुशीने, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. बुद्धी जागेवर असल्याचा मेंदूच्या डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. वकीलबाईंनीही खात्रीसाठी आजचा वार विचारला. मी म्हटले, तुम्ही भर दुपारी माझ्याकडे बसला आहात म्हणजे कोर्टाला सुट्टी असणार. त्यांनी तेच उत्तर लिहून घेतले.

दाखला फार दिवस टिकणारा नाही, म्हणून ही घाई. माझी आजी, म्हणजे आईची आई, पन्नाशीच्या आत सगळे विसरली. मग आई, मग माझा थोरला भाऊ. आमच्या जनुकात एक दोष आहे. तो आईकडून किंवा बापाकडून मुलांना येतो किंवा येत नाही, पण ज्याला येतो त्याला सोडत नाही. माझी तपासणी झाली आहे आणि मला तो आला आहे. परवा 'इस्त्री' हा शब्द सापडेना, तेव्हा मी हात पुढेमागे हलवून दाखवला. तीस वर्षांहून जास्त काळ तिच्यावर पोट भरते आहे.

कलम पहिले. लाँड्री, वरच्या खोल्या आणि सर्व यंत्रे माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावीत. तिने दुकान चालवलेच पाहिजे असे नाही. ती सामानाची व्हॅन चालवते आणि वाफेने तिचा जीव घाबरा होतो. विकायचे तर खुशाल विकावे, फक्त समोरच्या लाँड्रीवाल्याला विकू नये. तो रेशमाला कडकडीत पाणी लावतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, कापडच तसे होते.

कलम दुसरे. बँकेतल्या शिल्लकीतून आधी माझ्या शुश्रूषागृहाचा खर्च भागवावा. उरेल ते मुलीचे.

कलम तिसरे. दादाचा निळा शर्ट, जो दुकानाच्या मागच्या फळीवर घडी घालून ठेवला आहे, तो वहिनीला द्यावा. याचा खुलासा करणे भाग आहे.

आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे टाके घालतात. कोणाला दोन टाके, कोणाला फुली, कोणाला फुलीखाली रेघ. आईला सगळ्या खुणा तोंडपाठ होत्या. मग एका वर्षी तिच्या हातून न्यायाधीशसाहेबांचा कोट बँडवाल्याकडे गेला आणि बँडवाला तो घालून वाजवायलाही गेला. सगळे हसले, मीही हसले. पुढच्या महिन्यात आईने माझेच नाव विचारले.

बाबांनी दोष कोणाला द्यावा? ड्रायक्लीनिंगच्या रसायनाला. त्याचा वास डोक्यात जातो आणि मेंदू सडवतो, असे त्यांनी ठरवले. "पोराला या वासापासून वाचवलं पाहिजे," ते म्हणाले. मी तिथेच उभी होते, हातात गठ्ठा होता. पोरीलाही नाक असते हे कोणाच्या ध्यानात आले नाही. त्या दिवसापासून दादाला दुकानाचा उंबरा बंद झाला आणि आईची जागा मला मिळाली. दादा शिकला, मोठ्या खिडक्यांच्या ऑफिसात बसला. मी त्या वासात जेवले, बाळंत झाले, म्हातारी झाले. याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो कोणाच्याही नावे करता येत नाही म्हणून माझ्याबरोबरच जाईल.

दादाचा मात्र त्यात काही दोष नव्हता. तो दर शनिवारी मागच्या दाराशी येई, उंबऱ्याबाहेर उभा राहून शर्ट आत देई, आणि बाबांचा शब्द मोडला नाही म्हणून आम्ही दोघे हसत असू. घरच्या कपड्यांना आम्ही खूण घालत नाही. बिनखुणेचा कपडा निघाला की तो आपला, बाजूला ठेवायचा. दादाचे शर्ट बिनखुणेचे असत.

चव्वेचाळिसाव्या वर्षी दादा ऑफिसातून घरी यायची वाट चुकला. पन्नाशी पाहिली नाही. निळा शर्ट न्यायला तो आलाच नाही, आणि मी तो पोचवला नाही. त्याच्या शेवटच्या दिवसांत वहिनीने मला विचारले, "तुमच्या त्या वासानंच तर तुम्हाला वाचवलं नाही ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या, वासाचा या आजाराशी कसलाही संबंध नाही, ना वाईट ना चांगला. इतकी वर्षे आमचे घर ज्या कारणाने दुभंगले होते ते कारणच नव्हते.

कलम चौथे. माझा मेंदू डॉक्टरबाईंच्या प्रयोगशाळेला द्यावा. जीव गेल्यावर लगेच फोन करावा, रडारड नंतर करावी, कारण उशीर झाला तर त्याचा त्यांना उपयोग नाही.

दोष एकच असून दादा इतक्या लवकर गेला आणि मी सत्तावन्नपर्यंत धड राहिले, ते का, हे त्यांना शोधायचे आहे. त्यांनी मला समजेल असे सांगितले. मेंदूत राखणदार पेशी असतात, घाण उचलणे हे त्यांचे काम. आमच्या मेंदूत चिकट साका धरतो. त्या तो काढायला धावतात, वर्षानुवर्षे चवताळलेल्या राहतात, आणि शेवटी चांगल्या पेशींनाच इजा करू लागतात. त्यातच मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपतात, रक्तातले जे आत जायला नको ते जाते, आणि राखणदार आणखी भडकतात. मी म्हटले, म्हणजे डाग काढायच्या नादात कापड विरते. त्या म्हणाल्या, "हो, आणि वरून नळही गळतोय." आधी काय बिघडते हे अजून नक्की कळलेले नाही.

दादाचा मेंदूही त्यांनी मागितला होता. वहिनी नाही म्हणाली. त्यावरून मी तिला जे बोलले ते परत घेत नाही. पण तिला तिचा माणूस अख्खाच जाऊ द्यायचा होता, हे आता मला समजते. म्हणून शर्ट.

माझ्या मुलीने तपासणी केलेली नाही. तिच्या वाट्याला दोष आला असेल किंवा नसेल, शक्यता निम्मी-निम्मी. तिने कळून घ्यायचे की नाही हा तिचा प्रश्न आहे. कोणीही तिला विचारू नये. सुचवूही नये.

कलम पाचवे. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, तेव्हा हे कलम इथे बसत नाही. मी म्हटले, माझे मरण दोन हप्त्यांत येणार आहे आणि पहिला हप्ता तुमच्या कायद्याला दिसत नाही. कलम राहू द्यावे.

मी मुलीला ओळखेनाशी झाले की मला नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवावे. घरी ठेवू नये. आईला मी घरी ठेवले होते. ती साबण खाई, मला चावे, आणि मी दुकानातली चोरटी नोकर आहे असे गिऱ्हाइकांना सांगे. माझी उमेदीची वर्षे त्यात गेली. माझ्या मुलीची जाऊ नयेत, एवढीच या कागदाची गरज आहे, बाकी सगळे वाटप ओघाने आले. तिथे गेल्यावर मी "घरी ने" म्हणून रडेन. तिला वाटेल तसे बोलेन. तेव्हाची मी आणि आत्ताची मी यांच्यात भांडण झाले तर आत्ताचीचे ऐकावे.

कलम सहावे. हे आज सहीच्या आधी वाढवले आहे. वरचा मजकूर मुलीने इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याने वाचला. शुश्रूषागृहाचा नियम आहे की प्रत्येक कपड्यावर खूण हवी, नाहीतर सामाईक धुण्यात तो हरवतो. माझे गाऊन समोर काढले होते आणि मी सुईत लाल दोरा ओवत होते. तिने सुई माझ्या हातातून काढून घेतली.

मी म्हटले, "नियम आहे त्यांचा."

"तुला तिथं ठेवीन," ती म्हणाली. "तू लिहिलंयस तसंच. रडलीस तरी आणणार नाही. पण कपडे मी आणणार. दर आठवड्याला येऊन घेऊन जाणार आणि खाली आपल्या मशीनमध्ये धुणार. खूण घालायची नाही, आई."

ती रडत होती आणि मीही. वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तरी असे ठरले की पाचवे कलम मला लागू आहे, माझ्या कपड्यांना नाही. लाँड्री विकली तरी एक मशीन आणि एक इस्त्री मुलीने ठेवून घ्यावी. मी कोण आहे हे मला सांगता येणार नाही, तेव्हा कोणी माझी कॉलर उलटून पाहिली तर तिथे काहीही सापडू नये.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि तो माझाच आहे.

सही: लाँड्रीवाली
ठिकाण: लाँड्रीवरची पुढची खोली
तारीख: नऊ मार्च, शनिवार. कॅलेंडर न बघता लिहिली आहे.

आमच्यासमक्ष सही झाली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळायचे नाही.
साक्षीदार पहिले: शेजारचे चावीवाले
साक्षीदार दुसऱ्या: मेंदूच्या डॉक्टर (मेंदू प्रयोगशाळेला मिळेल, मला नाही)