दाराकडे तोंड

मंगळवार, १५ ऑक्टोबर

वॉर्डाच्या मैत्री मंडळाचं पत्र आलं. शुक्रवार ते रविवार एक परदेशी विद्यार्थिनी माझ्याकडे राहणार. नाव ब्रिन, कॅनडाची, वय वीस. वर्षभर तोत्तोरीला शिकतेय. तिथे वाळूच्या टेकड्या आणि खेकडे, म्हणून ‘खरं शहर’ बघायला ओसाकाला येतेय. सोबत सूचनांचं पत्रक – विद्यार्थिनी यजमानीणबाईंना ‘आई’ म्हणेल. दोन रात्रींची आई! पोटचं झालं नाही, ते आता मंडळ पाठवतंय.

बुधवार, १६ ऑक्टोबर

मासुयो वन्संचा फोन. रविवारी जेवायला येते म्हणाल्या. म्हणजे बुटांसाठी येणार.

यांचं तिसऱ्या वर्षाचं श्राद्ध गेल्या रविवारी झालं. दोन वर्षं भरली की तिसरं धरायचं, मेलेल्या माणसालाही घाई. ते झालं की यांचे बूट दारातून काढीन, असं मी सगळ्यांसमोर कबूल करून बसलेय. वन्संना ते देवळात नेऊन जाळायचेत. म्हणतात, “दाराकडे पाठ करून ठेवलेत वहिनी, दादा जाणार कसा?”

बस ड्रायव्हरचे काळे बूट. सत्तावीस सेंटिमीटरचे, टाचा आतून झिजलेल्या. बूट काढले की तोंडं दाराकडे करावीत, हे लहान पोरालाही कळतं. यांना कळलं नाही. छत्तीस वर्षं यांच्यामागे वाकून मी फिरवले. मग एका संध्याकाळी कामावरून आले, जेवून झोपले आणि उठलेच नाहीत. तेव्हापासून बूट घराकडे तोंड करून आहेत. नुकतेच आत आल्यासारखे. सगळ्यांना सांगून ठेवलंय – यांनी ठेवले तसेच आहेत, कुणी हात लावायचा नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आली. केवढी उंच! दाराच्या चौकटीला डोकं आपटलं आणि चौकटीचीच माफी मागितली. बोलते पुस्तकातलं, इतकं अदबशीर की मी मंत्रीणबाई झाल्यासारखं वाटलं. आणि पाय! इथल्या दुकानांत बायकांच्या बुटांत एवढा नंबरच नाही.

यादी घेऊन आलीय. एकवीस ठिकाणं, मिनिटांसकट. किल्ला – चाळीस मिनिटं. ताकोयाकी, ते ऑक्टोपसचे गोळे – दहा मिनिटं. ‘शहराचा आत्मा’, कुठल्याशा गल्लीत – पंचवीस मिनिटं. मी म्हटलं, आत्म्याला जरा जास्त वेळ ठेव. तिने लिहून घेतलं.

संध्याकाळी दारात गेले तर यांचे बूट दाराकडे तोंड करून उभे. माझ्या चपला, हिचे कॅनव्हासचे बूट, मध्ये यांचे – तिन्ही एका ओळीत, जणू सगळे मिळून फिरायला निघालेत. पत्रकात लिहिलं असणार, पादत्राणं फिरवून ठेवावीत. लगेच उलटे करून ठेवले. कुणाचे, ते तिला सांगितलं नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर, सकाळ

पुन्हा फिरवलेत! पुन्हा उलटे केले. नव्याने शिकलेल्या माणसापुढे इलाज नाही.

शनिवार, संध्याकाळ

शहर बघून आली. तोंड एवढंसं झालेलं. “आई, किल्ल्यात लिफ्ट आहे,” म्हणाली, कुणी फसवल्यासारखी. मी म्हटलं, सरदारांचे गुडघे दुखायचे. धावणाऱ्या माणसाच्या त्या प्रसिद्ध जाहिरातीपुढे पुलावर त्याच्यासारखे हात वर करून फोटो काढलाय. मागे आणखी चाळीस जण तसेच हात वर करून – दरोडा पडल्यासारखे. उमेदा स्टेशनाखालच्या बाजारात दीड तास हरवली. तिसऱ्यांदा त्याच बेकरीपाशी आली तेव्हा आतल्या बाईने ओळखीचा हात हलवला म्हणे. आत्म्याची गल्ली सापडली, पण तिथे रांग होती.

तिच्या उजव्या बुटाचा तळ निघालाय. दोरी गुंडाळून फरफटत आली. डिंक लावून खिडकीत ठेवलाय.

जेवताना विचारलं, मी कुठे कुठे जाते. मी म्हटलं, वाचनालयात. नववीनंतर शाळा सुटली, बाकीचं सगळं तिथेच. सध्या ध्रुवावर निघालेल्या लोकांचं जाडजूड पुस्तक चाललंय. शेवटी बूट उकडून खाल्ले त्यांनी. ती हसली. मग यांच्या फोटोकडे बघून विचारलं, हे काय करायचे.

सांगितलं. एकतीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवली. सगळे थांबे पाठ, पण उतरले एकाही थांब्यावर नाहीत. आधी वेळ नसायचा, आणि सुट्टीच्या दिवशी बसचं नाव काढू द्यायचे नाहीत. निवृत्त झालो की रोज एका थांब्यावर दोघं उतरू म्हणायचे. पाच महिने उरले होते.

एवढं सांगायला नको होतं. मुलीने यादीची घडी घातली आणि ताटलीखाली सरकवली.

रविवार, २० ऑक्टोबर, सकाळ

डिंकाने काही धरलं नाही. मला मासे आणायची घाई. निघता निघता म्हणून गेले, “दारातलं पायात बसेल ते घालून जा.”

परत आले तर ती गेलेली. फरशीवर तुटके कॅनव्हासचे बूट. यांचे नाहीत.

माझेच शब्द. ते पायात घालायचे बूट आहेत, हे दोन वर्षांत मी विसरूनच गेले होते.

रविवार, संध्याकाळ

वन्सं बाराला आल्या. मोकळी फरशी बघून दारातच थबकल्या, डोळे भरून आले. “सुटलात वहिनी. दादाही सुटला.” बूट बांधून न्यायला इस्त्री केलेलं कापड आणलं होतं, ते पिशवीत परत गेलं. कुठे ठेवलेत, विचारलं. मी म्हटलं, बाहेर गेलेत. खोटं काय त्यात! त्या पोटभर रडल्या आणि माझ्या वाटणीचा मासाही त्यांनीच खाल्ला. माझं लक्ष दाराकडे. कुठल्या देवळाबाहेर काढले आणि भलत्यानेच पायात घालून नेले तर?

तीनला आली. बूट काढले, वाकून फिरवले, तोंडं दाराकडे. वन्संच्या हातातला चहा हातातच राहिला.

मुलगी सांगत सुटली. सकाळपासून यांच्या मार्गाची बस धरून नऊ थांब्यांवर उतरली होती. एका ठिकाणी सार्वजनिक स्नानघर. तिथल्या म्हातारीने हिच्याकडून पाठ घासून घेतली. एका ठिकाणी नुसती भिंत आणि पर्सिमनचं झाड. एका मैदानात म्हातारे बेसबॉल खेळत होते. एक गडी कमी होता म्हणून हिला कोपऱ्यात उभं केलं. तासाभरात तिच्याकडे चेंडू आला नाही. बाकीचे थांबे राहिले याचं फार वाईट वाटलं म्हणाली.

वन्संनी कापड पुन्हा बाहेर काढलं. आत्ताच्या आत्ता देवळात नेते म्हणाल्या. तेव्हा कुठे मुलीला कळलं बूट कुणाचे ते. पांढरीफटक पडली, कमरेत वाकून माफी मागू लागली. मधेच पत्रक उघडून बघितलं. त्यात याबद्दल काही नव्हतं.

मी बूट उचलले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते मला गरम लागले.

“हिची सहाची बस आहे, वन्सं. अनवाणी पाठवू?”

“अहो, पण दादाचे –”

“तुमचा दादा कधी उतरला नाही. हे तरी उतरू देत.”

वन्संनी चहा संपवला. जाताना कापड इथेच विसरल्या. मुलीच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या, तिला घट्ट बांधता येत नाहीत. वळणावरून ‘आई’ म्हणून ओरडली. ओरडू दे.

सोमवार, २१ ऑक्टोबर

फरशी पुसली. सगळी.

इथे तरी खोटं राहायला नको. त्या शेवटच्या संध्याकाळी यांनी बूट स्वतःच फिरवून ठेवले होते, नीट, दाराकडे तोंड करून. छत्तीस वर्षांत एकदाच. सकाळी डॉक्टर यायच्या आधी ते मी उलटे केले.