सहावं पोस्टर

परवा मंगळवारी अंगण झाडलं, पाणी भरलं, भांडी घासली आणि माळवदावर पापड वाळत घालून मी नुकती चहाला बसले होते, तोच तुम्ही पाठवलेला माणूस दारात उभा. (दादा, आधी नमस्कार लिहायचा असतो, पण काळजीनं हात पुढं पळतोय. तर मल्लिनाथदादांना अयोध्याचा नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहिते.)

हे तरुणपणी मुंबईच्या छापखान्यात होते, तेव्हा छापलेली रॉक गाण्यांच्या जलशांची सहा पोस्टरं आमच्याकडं आहेत, हे त्या रेवणसिद्धला तुम्हीच सांगितलं. तो असली जुनी पोस्टरं जमवतो, हे ठीक. पण 'बहिणीनं जिवापाड जपलीत' हे कशाला सांगितलं? म्हणजे जपलीच आहेत. कागद जाड, मागची बाजू कोरी, पापडाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. (चित्र खाली, पापड वर, ही पद्धत यांनीच घालून दिलेली.) रेवणसिद्ध माळवदावर चढला आणि मटकन बसला. "मावशी, हे काय करून राहिल्या?" मी म्हटलं, "उडदाचे हायत. भाजून देऊ का?" तो पाच पोस्टरांवरचा एकेक पापड दोन बोटांनी उचलत राहिला.

मग आतल्या खोलीत शिरला. सहावं तिथं खाटेच्या उशाशी भिंतीवर आहे. गिटारवाला झिपऱ्या माणूस आणि त्याच्या पोटावर तेलाचा हा मोठा डाग. असलं दुसरं आपण कुठंच पाहिलं नाही म्हणाला. डाग कशाचा, विचारलं. मी म्हटलं, पापडाचा. तो खूश. पुण्यात औषधानं साफ निघतो म्हणे, पुढल्या रविवारी गुंडाळून न्यायला नळकांडं घेऊन येतो. आणि तुमचा माणूस म्हणून मी हो म्हणून बसले.

तुमची धाकटी,
अयोध्या

ता. क. पापड काय भिंतीवर वाळतात? शेवटची तीन वर्षं हे तिथं टेकून बसत आणि माझ्याकडून पेपर वाचून घेत. मी अडले की हसत. डाग त्यांच्या डोक्याचा आहे. मी खोटारडी आहे म्हणून सांगा हवं तर, पण त्याला ते सहावं मागू देऊ नका. बाकीची पाच पापडांसकट नेऊ द्या.

ता. क. दुसरं. काल पत्र पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी मी डोक्याला भरपूर तेल चोपडलं आणि त्या डागाशेजारी टेकून बसले.